बुरशीच्या एन्झाइमवर काम करायला घेताय? आधी सीटीजी मोजा

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातले सात महिने मी चुकीचं प्रोटीन बनवत होते. क्लोन बरोबर, सिक्वेन्सिंग बरोबर, आणि तरी प्रोटीन चुकीचं. हे कसं, ते सविस्तर सांगते. बाकीचं तुम्ही शिकालच.

विषय घेताना सगळं सरळ वाटतं. अझोल ही बुरशीविरोधी औषधं ज्याला धरतात त्या सीवायपी५१ या एन्झाइमचा भाऊबंद आपल्याही शरीरात आहे, म्हणून बुरशीत असलेलं पण माणसात नसलेलं एन्झाइम शोधायचं आणि त्याची रचना काढायची, म्हणजे त्याचे स्फटिक बनवून त्याचा त्रिमितीय आकार शोधायचा. मी कॅन्डिडा अल्बिकान्स या माणसाला त्रास देणाऱ्या बुरशीतलं, थ्रिओनिन-मिथिओनिन ही अमिनो आम्लं बनवण्याच्या वाटेवरचं एक एन्झाइम घेतलं. ती वाट माणसात नाहीच. (पण हीच अमिनो आम्लं बुरशी आपल्या रक्तातून उचलू शकते का, हे मला पहिल्या वर्षी कुणी विचारलं नाही. जनुक काढून टाकलेली बुरशी उंदरात तग धरते का, ते आधी शोधा. नुसत्या प्लेटवरच्या वाढीवर जाऊ नका.)

बुरशीच्या जीनोमिक डीएनएवरून पीसीआरने जनुक काढलं, पीईटी-२८ए या प्लास्मिडमध्ये घातलं, आणि बीएल२१ या ई. कोलाय जिवाणूकडून प्रोटीन बनवून घेतलं. जेलवर पट्टा हवा तिथेच. मात्र सगळा माल पेलेटमध्ये, म्हणजे न विरघळता तळाशी. तापमान ३७ वरून १८ वर आणलं, आयपीटीजी (प्रोटीन बनवायला सुरुवात करून देणारं रसायन) कमी केलं, टॅग बदलला, रोझेटा ही ई. कोलायची दुसरी स्ट्रेन मागवली. गाइडचं एकच पालुपद, "ऑप्टिमाइझ कर." शेवटी जे थोडंफार विरघळलं ते शुद्ध करून मास स्पेकला (रेणूचं वजन मोजणाऱ्या यंत्राला) दिलं. वजन ५२ डाल्टनने जास्त! सोडियम चिकटला तर २२ वाढतात, ऑक्सिजन लागला तर १६. हे ५२ कुठून आले?

शेजारच्या लॅबमधल्या ताईंनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "कॅन्डिडा ना? सीटीजी मोजलेस का?"

तर गोष्ट अशी. सीटीजी हा डीएनएमधला तीन अक्षरी शब्द, म्हणजे कोडॉन; त्याचा अर्थ ल्युसीन हे अमिनो आम्ल, हे आपण बारावीपासून घोकतो. कॅन्डिडा अल्बिकान्स तोच कोडॉन सेरीन या दुसऱ्या अमिनो आम्लाचा म्हणून वाचते (तेही पक्कं नाही, साधारण ३ टक्के वेळा ल्युसीनच बसवते). ई. कोलायला हे काय माहीत? ती इमानेइतबारे ल्युसीन घालते. सेरीनचा हिस्सा ८७ डाल्टन, ल्युसीनचा ११३, फरक २६. माझ्या जनुकात सीटीजी दोन, म्हणून ५२. पाणी आवडणाऱ्या सेरीनच्या जागी तेलकट ल्युसीन बसल्यावर प्रोटीन नीट घडी घालेल कसं?

इथे लोक आणखी दोनदा फसतात. रोझेटा दुर्मीळ कोडॉन वाचणारे टीआरएनए पुरवते, पण कोडॉनचा अर्थ बदलत नाही. आणि "यीस्टमध्ये कर, बुरशीला बुरशी जवळची" हा सल्ला तर हमखास मिळतो. पण सॅकरोमायसिस आणि पिकिया दोघीही सीटीजीला ल्युसीनच म्हणतात. जनुक बनवून घेणार असाल तर कंपनीला डीएनए पाठवू नका, युनिप्रॉट या प्रोटीनच्या डेटाबेसवरचा प्रोटीनचा क्रम पाठवा. डीएनएच वाचायचा असेल तर एनसीबीआयचा कोडॉन तक्ता क्रमांक १२ लावा, त्यात सीटीजी म्हणजे सेरीन. आलेला क्लोन मात्र साध्या तक्त्याने वाचा, कारण ई. कोलाय तसाच वाचणार आहे, आणि तो युनिप्रॉटशी एकेक अक्षर ताडून बघा. 'डीएनए १०० टक्के जुळला' यावर खूश होऊ नका. मी झाले होते.

कॅन्डिडाच्या ऑरिस, ट्रॉपिकॅलिस, पॅराप्सिलोसिस या जाती, सगळीकडे हाच घोळ. ग्लाब्राटा नाव लावत आली कॅन्डिडाचं, पण ती यातली नाही. अ‍ॅस्परजिलस, क्रिप्टोकॉकस आणि गजकर्णाची ट्रायकोफायटॉन यांनाही ही भीती नाही. तिथे इंट्रॉन (जनुकातले प्रोटीनमध्ये न उतरणारे तुकडे) आडवे येतात, म्हणून आरएनएवरून बनवलेला, इंट्रॉन नसलेला सीडीएनए घ्या.

"अल्फाफोल्ड असताना हे सगळं कशाला?" असं विचारणारे भेटतील. (अल्फाफोल्ड म्हणजे क्रमावरून प्रोटीनची रचना वर्तवणारा प्रोग्राम.) सीवायपी५१ चं त्याच्या डेटाबेसमधलं मॉडेल उघडून बघा, लोह धरून ठेवणारा हीम नाही. अझोलचा नायट्रोजन ज्या लोहाला धरतो तेच तिथे नाही, आणि त्या रिकाम्या खाचेत लोक डॉकिंग करून (संगणकावर औषधाचा रेणू बसवून) उणे ९ चा आकडा मिरवतात; आकडा जितका उणे तितकी पकड घट्ट म्हणे. नुसत्या डॉकिंगवरच्या पेपरबद्दल माझं मत चांगलं नाही, हे कळलंच असेल. उलट रचना म्हणजेच सर्वस्व असंही मानू नका. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये हमायसिन हे बुरशीविरोधी औषध सापडलं ते स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूपासून, कुठल्याही एन्झाइमची रचना न बघता.

आणि गाइडबद्दल एकच सांगते. 'ऑप्टिमाइझ कर' दोनदा ऐकलंत की तिसऱ्यांदा शेजारच्या लॅबमध्ये जा.

घाबरू नका, सात महिने गेले म्हणून पीएचडी जात नाही. दोन्ही सीटीजी बदलून टीसीटी (ई. कोलायसाठीही सेरीनच) केले, तर पहिल्याच खेपेला निम्मं प्रोटीन वरच्या द्रावात आलं. तीन आठवड्यांनी थेंबात सुईसारखे स्फटिक दिसले, मी अख्ख्या लॅबला सामोसे दिले. मग ताईंनी सुईने एक स्फटिक दाबून बघितला. कडक होता, कट्कन तुटला. मीठ.