कालपर्यंत असे नव्हते: स्मृतिभ्रंश आणि डेलिरियम असलेल्या ज्येष्ठांची घरी काळजी घेताना

घरी येऊन ज्येष्ठांची शुश्रूषा करणाऱ्या मावशींना किंवा दादांना पुण्यातील कुटुंबे पहिल्या दिवशी बहुधा एवढेच सांगतात, "आजींना विसर पडतो, बाकी त्रास काही नाही." पुढे एखाद्या रात्री आजींना अचानक भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या, तर तेही विसरण्याच्याच खात्यात जमा होते आणि तेथेच मोठी चूक होते. स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, सहसा महिन्यामहिन्यांनी आणि वर्षावर्षांनी वाढत जातो. डेलिरियम, म्हणजे अचानक येणारा भ्रम, मात्र काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत उद्भवतो, दिवसभरात कमी-जास्त होतो आणि त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा उपचार करता येण्याजोगे शारीरिक कारण असते. जुनी माणसे ज्याला "वात झाला" म्हणत, ते पुष्कळदा हेच असे. स्मृतिभ्रंश असलेल्यांना डेलिरियमचा धोका अधिक असल्यामुळे दोन्ही एकाच व्यक्तीत आढळणे मुळीच दुर्मीळ नाही.

हा बदल सर्वांत आधी कळू शकतो तो दिवसभर खोलीत असणाऱ्या माणसाला. म्हणून पहिल्या आठवड्यातच एक वही करावी आणि तिच्यात त्या व्यक्तीची नेहमीची अवस्था लिहून ठेवावी: झोप किती, जेवण किती, शौचाला कधी होते, आधाराशिवाय किती चालता येते, नातवाचे नाव आठवते का, रविवारपासून उलटे वार म्हणता येतात का. एरवी वार म्हणणाऱ्या आजी आज शुक्रवारीच अडखळून खिडकीकडे पाहत राहिल्या, तर लक्ष टिकत नसल्याची ती महत्त्वाची खूण असते.

आरडाओरडा करणारा डेलिरियम सर्वांना दिसतो. गप्प बसवणारा निसटतो. कोथरूडमधील एका घरी आजींनी भाकरीचा तुकडा ओठांपर्यंत नेला आणि हात तसाच धरून ठेवला; डोळे अर्धवट मिटलेले होते. घरच्यांना वाटले, आज शांत आहेत. वहीत पाहिले तेव्हा लक्षात आले की सकाळपासून लघवी एकदाच झाली होती, तीही गडद. तपासणीत मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला. ताप नव्हता, वृद्धांमध्ये तो कधी कधी नसतोही. त्या दिवसापासून "आज शांत आहेत" हे शब्द ऐकले की मी आधी वही उघडते.

असा बदल दिसल्यास कारणांचा मागोवा घ्यावा: पाणी कमी गेले का (मार्च ते मेच्या पुणेरी उन्हाळ्यात हे विशेष पाहावे), बद्धकोष्ठता किंवा लघवी अडकणे, कुठे दुखणे, नुकतीच झालेली पडझड वा शस्त्रक्रिया, मधुमेह असल्यास साखर, आणि नवे औषध. सर्दी-खाजेच्या काही जुन्या गोळ्या व झोपेच्या गोळ्याही वृद्धांना भ्रमात टाकतात. आपल्या मनाने गोळी देऊ नये, बंदही करू नये. जे दिसले ते वेळेसह कुटुंबाला कळवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवण्याचा आग्रह धरावा. हाक मारूनही जाग येत नसेल, तोंड वाकडे झाले असेल, श्वासाला त्रास होत असेल किंवा डोक्यावर पडल्या असतील, तर थेट १०८ क्रमांकावर फोन करावा.

उपचार सुरू झाल्यावरही भ्रम निवळायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. या काळात चष्मा आणि कानाचे यंत्र लावलेले असावे, दिवसा पडदे उघडे आणि रात्री मंद दिवा असावा, घड्याळ समोर असावे आणि शक्यतो ओळखीचेच माणूस जवळ असावे. पेंग असताना घास भरवू नये, कारण अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते. हात बांधू नयेत. त्याने भीती आणि धडपड दोन्ही वाढतात. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांना पाणी डॉक्टरांनी ठरवलेल्या मापानेच द्यावे.

स्मृतिभ्रंशाच्या रोजच्या व्यवहारात वाद घालणे हे सर्वांत निष्फळ काम असते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, तेव्हा आजच्या पंचाऐंशीच्या आजी वीस-एकविशीत होत्या. पावसाच्या रात्री "पाणी आलं, सामान वर घ्या" असे त्या म्हणाल्या, तर "तुम्ही चौथ्या मजल्यावर आहात" हे उत्तर त्यांच्या भीतीपर्यंत पोहोचत नाही. "घेते हं आजी, तुम्ही माझा हात धरा" असे म्हणून दोन भांडी खरोखरच वरच्या फळीवर ठेवावीत. मात्र अशी आठवण पूर्वी कधीच न काढणाऱ्या आजी एकाएकी त्यात बुडाल्या आणि जोडीला पेंगही असली, तर आधी डेलिरियमचीच शंका घ्यावी.

पाळी बदलताना रात्रीच्या मावशींना केवळ "बरं आहे" असे सांगून निघू नये. किती वाजता काय खाल्ले, किती पाणी गेले, लघवी-शौच कधी झाले आणि कालपेक्षा काय वेगळे वाटले, हे वहीतून वाचून दाखवावे आणि मगच चप्पल घालावी.