कमी पैशात फिश फाइंडर कसा निवडावा

फिश फाइंडर म्हणजे पाण्यात आवाज सोडून तळ आणि मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र. दुकानात किंवा ऑनलाइन त्याच्या किमती बघण्याआधी एक गोष्ट ठरवा: गळ काठावरून टाकणार की होडीतून? निम्मी निवड तिथेच होते. सांगली-मिरजेच्या घाटांवर, हरिपूरच्या संगमाच्या खालच्या अंगाला गळ टाकून बसणारे बहुतेक काठावरचेच. त्यांनी होडीला बसवायचा सेट घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

काठावरच्यांसाठी दोन प्रकार मिळतात. पहिला वायरचा. हातात छोटा डबा आणि वायरच्या टोकाला तरंगता सेन्सर. चार-पाच हजारांपर्यंत येतो. पण वायर पुरते तिथपर्यंतच त्याची नजर. दुसरा फेकायचा चेंडू. तो दोरीला बांधून लांब टाकायचा आणि चित्र वाय-फायवरून मोबाइलवर बघायचं. धोम, कण्हेरसारख्या संथ पाण्याला हाच उत्तम. कृष्णेच्या धारेत मात्र तो वाहत जातो. शिवाय वजन शंभर ग्रॅमच्या आगेमागे असतं, त्यामुळे हलकी काठी चालत नाही आणि दोरी विणलेली, दणकट लागते. झुडपात अडकून तुटला, तर गेलाच.

होडीवाल्यांनी चार इंची पडद्याचा साधा सेट घ्यावा. यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी त्याला दिवसभर पुरते. जीपीएस परवडलं तर घ्या, सापडलेली जागा पुन्हा गाठता येते.

आता जाहिरातीतला मोठा आकडा: ‘१०० मीटर खोलीपर्यंत’. अख्ख्या कोयना धरणाची उंची १०३ मीटर. आपला गळ दहा-पंधरा मीटरच्या खाली क्वचितच जातो, त्यामुळे या आकड्याला भुलू नका. उलट किमान खोली बघा. स्वस्त यंत्रं साधारण दोन फुटांच्या आत काही दाखवत नाहीत. शेवाळाच्या कडेला उथळ पाण्यात मरळ धरणाऱ्याने फिश फाइंडरच्या नादाला न लागलेलंच बरं.

त्यानंतर कोन. सेन्सरमधून आवाज खाली पसरत जातो, पेटवलेल्या बॅटरीच्या झोतासारखा. २० अंशांचा कोन असेल तर दहा मीटर खोलीवर तळाचा सुमारे साडेतीन मीटर रुंदीचा गोल दिसतो, ६० अंशांचा असेल तर साडेअकरा मीटरचा. तीन मीटर पाण्यात हेच आकडे एक आणि साडेतीन मीटर होतात. म्हणून उथळ नदीला रुंद कोन, धरणाच्या खोल पाण्याला अरुंद. दोन्ही कोनांचा सेट बजेटमध्ये बसला तर सोडू नका. रुंद कोनाची एक खोड मात्र आहे: उतरत्या तळावर तो जवळची, म्हणजे उथळ बाजू आधी पकडतो आणि खोली कमी सांगतो.

पडद्यावरच्या माशांच्या गोंडस चित्रांवर माझा विश्वास नाही. माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून आवाज परत येतो हे खरं, पण बुडबुडे आणि वाहता पालापाचोळाही तसाच परत पाठवतात, आणि स्वस्त यंत्र सगळ्यांनाच मासा म्हणतं. चित्रं बंद करता येणारा सेट निवडा आणि तळ वाचायला शिका. कातळ जाड, ठळक दिसतो, गाळ फिकट. डोह कुठे सुरू होतो, बुडालेला बांध कुठे आहे, हे कळलं की रोहू-कटल्याला कुठे गाठायचं याचा अंदाज येतो. (खरं तर धरणावर हे फुकटातही जमतं. मे महिन्यात पाणी उतरलं की उघडे पडलेले बांध, रस्ते, खोडं यांचे फोटो काढून ठेवा.)

यंत्र हातात आलं की परत करायची मुदत संपण्याआधी ओळखीच्या रुंद विहिरीवर न्या. विहीर किती परस खोल हे मालकाला माहीत असतंच, पण आज पाणी किती आहे ते दोरीला दगड बांधून स्वतः मोजा. सेन्सर मध्यभागी सोडा, कडेला भिंतीचा आवाज मिसळतो. फूट-मीटरची सेटिंग तपासा. भर दुपारच्या उन्हात पडदा वाचता येतो का तेही तिथेच बघा. वायर सेन्सरला जिथे जोडलेली असते तिथेच बहुधा तुटते, तेव्हा सुटा सेन्सर मिळतो का हे विकत घेतानाच विचारा.

धरणांवरची मासेमारी बऱ्याच ठिकाणी मच्छीमार सोसायट्यांना ठेक्याने दिलेली असते, आधी त्यांना विचारा. कोयना आणि चांदोलीच्या जलाशयांचा भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. तिथे गळ काय, नुसता चेंडूही टाकायला जाऊ नका.