जुन्या वॉलेट.डॅट फाइलमधले व्यवहार पासवर्डशिवाय कसे बघायचे

बिटकॉइन कोअर या बिटकॉइन सॉफ्टवेअरची जुनी वॉलेट.डॅट (वॉलेटची) फाइल सापडलीय, पासवर्ड आठवत नाहीये आणि आत काय आलं-गेलं ते बघायचंय, तर आधी हे पक्कं समजून घ्या की पासवर्ड फक्त प्रायव्हेट कीज (बिटकॉइन खर्च करायच्या गुप्त किल्ल्या) लॉक करतो. ट्रान्झॅक्शन्स, पत्ते, पत्त्यांना दिलेली लेबलं, सगळं फाइलमध्ये उघडंच पडलेलं असतं. म्हणजे बघायला तुम्हाला पासवर्ड लागत नाही, आणि ज्याच्या हाती फाइल पडेल त्यालाही लागत नाही. म्हणून "फाइल अपलोड करा, आम्ही तपासून देतो" म्हणणाऱ्या कुठल्याही साइटवर ती चढवू नका, अगदी पासवर्ड लावलेला असला तरी नाही.

पहिलं काम, कॉपी. मूळ फाइल पेनड्राइव्हवर ठेवून द्या आणि फक्त कॉपीवर काम करा, कारण सॉफ्टवेअर वॉलेट उघडतं तेव्हा त्यात काही ना काही लिहितंच.

मग फाइल कुठल्या जातीची आहे ते बघा. जुन्या फाइली बर्कली डीबीच्या, नव्या एसक्यूलाइटच्या (हे दोन डेटाबेसचे प्रकार). २०२२ मधल्या २३ व्या आवृत्तीपासून नवीन वॉलेट आपोआप एसक्यूलाइटमध्ये बनतं. हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले कच्चे बाइट्स दाखवणारा प्रोग्रॅम) उघडलीत आणि सुरुवातीलाच 'एसक्यूलाइट फॉरमॅट ३' अशी अक्षरं दिसली तर नवी. हे बघायचं कारण असं की २०२५ च्या ३० व्या आवृत्तीत जुनी फाइल सरळ लोड होत नाही, आधी मायग्रेट करावी (नव्या प्रकारात बदलावी) लागते, त्यामुळे नुसतं बघायचं असेल तर २९ वी आवृत्ती घेतलेली बरी.

आता डेटा डिरेक्टरीतल्या (बिटकॉइन कोअर आपल्या फाइली ठेवतं ती जागा) वॉलेट्स फोल्डरमध्ये एक नवीन फोल्डर करा, समजा 'तपासणी', त्यात कॉपी टाका, प्रोग्रॅम सुरू करा, विंडो मेनूतून कन्सोल उघडा आणि 'लोडवॉलेट तपासणी' द्या (कमांड्स, नावं, आकडे रोमन लिपीत टाइप करायचे). त्यानंतर 'लिस्टट्रान्झॅक्शन्स "*" १०००'. तो १००० विसरू नका, नाहीतर शेवटचे १० व्यवहारच दिसतात आणि माणसाला वाटतं बाकीचे उडाले.

यादीत कॅटेगरी असते: रिसीव्ह म्हणजे आलेले, सेंड म्हणजे पाठवलेले, जनरेट म्हणजे मायनिंगचे, आणि इमॅच्युअर म्हणजे मायनिंगचेच पण १०० ब्लॉक अजून उलटायचेत. सेंडची रक्कम आणि फी दोन्ही उणे दिसतात. कन्फर्मेशन्सचा आकडा (व्यवहारावर किती ब्लॉक चढले तो) उणे दिसला तर त्या व्यवहाराशी टक्कर असलेला, म्हणजे तेच पैसे खर्च करणारा दुसरा व्यवहार चेनमध्ये (ब्लॉकचेन, बिटकॉइनची सगळ्यांची सामायिक वही) गेलाय, हा गेला नाही. पण नोड (तुमच्या कॉम्प्युटरवर चालणारं बिटकॉइन कोअर) पूर्ण सिंक नसेल, म्हणजे सगळी चेन उतरवून झाली नसेल, तर कन्फर्मेशन्सवर विश्वास ठेवू नका, व्यवहार फाइलमधून दिसतील पण ते चेनमध्ये आहेत की नाही हे सिंक झाल्यावरच कळतं.

सगळ्यात जास्त गोंधळ चेंजचा, म्हणजे खर्चातून उरून परत येणाऱ्या रकमेचा होतो. १ बिटकॉइन आलेला, त्यातले ०.३ पाठवले, तर चेनवर पूर्ण १ खर्च झालेला दिसतो आणि साधारण ०.७ कुठल्या तरी अनोळखी पत्त्यावर गेलेले दिसतात, आणि लोक घाबरतात की कुणी चोरले. तो पत्ता तुमच्याच वॉलेटचा असतो, फक्त लिस्टट्रान्झॅक्शन्समध्ये तो दाखवत नाहीत. खात्री करायची तर 'गेटॲड्रेसइन्फो' आणि तो पत्ता द्या, 'इझमाइन' पुढे ट्रू आलं की तुमचाच. एकेका व्यवहाराचा तपशील 'गेटट्रान्झॅक्शन' आणि व्यवहाराचा आयडी दिला की मिळतो.

नोड न चालवताही बघता येतं. सोबत येणाऱ्या बिटकॉइन-वॉलेट टूलला 'इन्फो' दिलं की एकूण किती व्यवहार आहेत ते सांगतं, आणि 'डंप' दिलं की सगळ्या नोंदी हेक्समध्ये एका टेक्स्ट फाइलमध्ये उतरतात. त्यातल्या ०२७४७८ ने सुरू होणाऱ्या ओळी व्यवहारांच्या. पुढची ६४ अक्षरं म्हणजे आयडी, पण उलटा, दोन-दोन अक्षरांच्या जोड्या मागून पुढे लावायच्या. ही डंप फाइल जपा, वॉलेटला पासवर्ड नसेल तर त्यात प्रायव्हेट कीज जशाच्या तशा असतात.

आणखी एक, "पासवर्ड विसरलेली, भरपूर बिटकॉइन असलेली" फाइल कुणी विकत देत असेल तर घेऊ नका. फाइलमधल्या नोंदी ही वॉलेटची स्वतःची वही आहे, त्यात दुसऱ्या कुणाचेही व्यवहार घुसवता येतात, नोंद दिसली म्हणजे त्या पत्त्याची प्रायव्हेट की फाइलमध्ये आहे असं होत नाही. आणि स्वतःचे आयडी चेनवर ताडून बघायचे तर शक्यतो आपल्याच नोडवर, एखाद्या एक्सप्लोरर (चेनवरचे व्यवहार शोधून दाखवणाऱ्या) साइटवर एकामागून एक पन्नास आयडी टाकले की ते सगळे एकाच माणसाचे हे त्यांना कळतं.

टॅक्ससाठी तारखा काढत असाल तर यादीतला 'ब्लॉकटाइम' (व्यवहार ज्या ब्लॉकमध्ये गेला त्याची वेळ) घ्या. तो १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत असतो, यूटीसीप्रमाणे (जागतिक प्रमाणवेळ), त्यामुळे साडेपाच तास मिळवूनच तारीख लिहा. ३१ मार्चला यूटीसी रात्री ८ चा व्यवहार आपल्याकडे १ एप्रिलच्या पहाटे दीडचा असतो, म्हणजे पुढच्या आर्थिक वर्षातला, आणि १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर लागू झालाय, तेव्हा त्या सीमेवरचे व्यवहार एकेक करून तपासा.