पोतंभर हिरवी मिरची बाजारात भाजून घ्यायची असेल तर

ऑगस्टपासून सप्टेंबर सरेपर्यंत अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात शेतकरी बाजारांत आणि वाणसामानाच्या मोठ्या दुकानांबाहेर लोखंडी जाळीची पिंपं गरगरत असतात. आत हिरव्या मिरच्या, खाली गॅसची धगधगती ज्योत. या वासाला २०२३ मध्ये राज्याने कायद्याने 'अधिकृत सुगंध' ठरवलं, आणि त्यामागे तिथल्या लास क्रूसेस शहरातल्या पाचवीतल्या मुलांचा हट्ट होता. त्या भागात राहणाऱ्या किंवा हंगामात तिकडे जाणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे टिपण. भाजायचं काम पिंपवाला काही मिनिटांत उरकतो. खरी कसोटी त्याच्या आधी आणि नंतर असते.

आधी मिरचीची जात विचारा. 'हॅच मिरची' म्हणतात त्यातलं 'हॅच' हे रिओ ग्रांदे नदीकाठच्या गावाचं नाव, मिरचीच्या जातीचं नव्हे. 'बिग जिम' ही लांबलचक, बेताची तिखट जात न्यू मेक्सिको स्टेट युनिव्हर्सिटीच्या रॉय नाकायामांनी १९७५ मध्ये आणली. 'सँडिया' तिच्याहून तिखट, आणि 'लुंब्रे' डोळ्यांतून पाणी काढते. आपली माणसं अभिमानाने सगळ्यात जहाल पोतं उचलतात. तसं करू नका. तिकडे ही मिरची चवीपुरती नव्हे, भाजीसारखी वाटीवाटीने खातात. मध्यम तिखट घ्या. मिरच्या सरळ, चकचकीत, हाताला जड लागणाऱ्या हव्यात. वाकड्या मिरचीची बाहेरची बाजू करपते आणि बाकात साल कच्ची राहते. पूर्ण पोतं साधारण ११ ते १६ किलोंचं असतं, तेव्हा घरच्या फ्रीझरमध्ये जागा किती आहे ते पाहूनच सौदा करा.

भाजताना वाऱ्याची दिशा बघून उभे राहा, नाहीतर ठसका ठरलेला. पिंप फिरताना जळकी साल जाळीतून उडत बाहेर पडते. सगळीकडे फोड आले, काळे डाग पडले, पण मिरची अजून आकार धरून आहे, इथे थांबवायला सांगा. भरताच्या वांग्यासारखी पार मऊ होऊ दिलीत तर सोलताना हातात लगदा येईल.

मग वाफ. गरम मिरच्या पिशवीत तोंड बांधून पंधरा-वीस मिनिटं ठेवायच्या, म्हणजे साल सुटते. पण ती पिशवी गाडीत टाकून दिवसभर खरेदी करत फिरायचं नाही. भाजल्यापासून दोन तासांच्या आत मिरच्या पसरून गार करून फ्रिजमध्ये गेल्या पाहिजेत. (गाडीतला वास मात्र लवकर जात नाही. कोणाला आवडतो, कोणाला नाही.)

सोलताना हातमोजे घाला. तिखटपणा आणणारं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. हात जळजळलेच तर आधी तेल चोळा, मग साबण. देठाखालची साल चिमटीत धरून टोकाकडे ओढली की पातळ कागदासारखी निघते. नळाखाली धरून सोलणं सोपं वाटतं, पण भाजण्याची सगळी चव मोरीत जाते. एखादा काळा ठिपका राहिला तर राहू द्या. तिखट कमी हवं असेल तर मिरची चिरून आतल्या पांढऱ्या शिरा काढा. जाळ मुख्यतः तिथेच असतो.

सगळं पोतं एका बैठकीत सोलायची गरज नाही. सालीसकट, एका जेवणापुरत्या मिरच्या चपट्या पिशव्यांत भरून गोठवा. बाहेर काढून सैल झाल्या की साल आणखी सहज निघते. बरण्यांत भरून साध्या उकळत्या पाण्यात टिकवायच्या भानगडीत मात्र पडू नका. मिरचीत आंबटपणा कमी असतो, आणि हवाबंद बरणीत बोट्युलिझमचं (जिवावर बेतणाऱ्या अन्नविषबाधेचं) विष तयार होऊ शकतं. तेलात बुडवून ओट्यावर ठेवणंही त्याच कारणाने नको.

तिकडे या मिरचीचा डुकराचं मांस आणि बटाटे घालून रस्सा करतात, नाहीतर चीझबर्गरवर थर देतात. आपला ठेचा करायचा असेल तर गर पाणीदार असतो, म्हणून आधी लसणीबरोबर तेलात कोरडा होईपर्यंत परता, मग दाणे आणि मीठ घालून खलबत्त्यात ठेचा. पुण्या-मुंबईत तशी मिरची मिळत नाही. जाडसर भावनगरी मिरची चिमट्यात धरून गॅसवर फिरवली तर काम भागतं. तिच्या गराचा थर त्या मिरचीहून पातळ, त्यामुळे साल काळी पडायला लागली की लगेच उतरवा.