जिनला ऑटो फीडर लावलाय? आधी कापूस एकसारखा पडतोय का ते बघा

ऑटो फीडर, म्हणजे जिनमध्ये (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या मशीनमध्ये) कापूस आपोआप सोडणारं यंत्र, म्हटलं की सगळे पहिलं विचारतात तासाला किती कापूस ओढतो. माझ्या मते आधी बघायचं ते हे, की रोलच्या पूर्ण लांबीवर कापूस सारखा पडतोय का. डबल रोलर जिनमध्ये चामड्याचा रोल फिक्स चाकूला घासूनच फिरतो, मधे कापूस नसला की नुसतं चामडं घासतं, तापतं, झिजतं, आणि जिथं ढीग होतो तिथं सरकीला खाली पडायला वाट मिळत नाही, तिला रुई चिकटलेलीच राहते. हे दोन्ही एकाच मशीनवर एकाच वेळी होतं बरं का, मधे ढीग आणि कडेला रोल उघडा.

चालू करताना शेवटाकडून या. आधी जिन, मग फीडर, मग वरचा कन्व्हेयर, सगळ्यात शेवटी सक्शन (हवेने कापूस ओढून आणणारी लाइन). बंद करताना बरोब्बर उलटं, आणि आतला कापूस संपेपर्यंत जिन चालू ठेवायचं.

फीड रोलरला व्हीएफडी (मोटरचा स्पीड कमीजास्त करणारा ड्राइव्ह) असेल तर कमी स्पीडवर सुरू करा आणि जिनच्या मोटरचा अँपिअर मीटर बघत हळूहळू वाढवा. लोड सारखा वरखाली होत असेल तर लगेच स्पीडला हात लावू नका, आधी हॉपर (फीडरवरची कापूस साठवणारी पेटी) बघा, तो मधेमधे रिकामा होत असेल तर फीडर काय सोडणार? लेव्हल सेन्सरची काच रोज पुसा, धूळ बसली की त्याला हॉपर भरलेला वाटतो आणि कन्व्हेयर थांबतो.

कापूस ओला असेल तर कुठलीच सेटिंग कामाला येत नाही, गोळे होतात, फीड रोलर चोक होतो. साधारण 6 ते 8 टक्के ओलावा ठीक, जास्त असेल तर आधी वाळवा.

दगड आणि लोखंड फीडरच्या आधीच अडलं पाहिजे. सक्शन लाइनला स्टोन ट्रॅप आणि मॅग्नेट दोन्ही हवेत, आणि मॅग्नेट साफ नाही केला तर असून नसल्यासारखा. एक खिळा बीटरवर (कापूस मोकळा करणाऱ्या फिरत्या सिलिंडरवर) आपटून ठिणगी उडाली की कापूस आतल्या आत धुमसत राहतो आणि ब्लोअर तो पुढे पसरवतो, म्हणून जळका वास आला की पहिलं सक्शन बंद.

मॉड्यूल फीडर (दाबून बांधलेले कापसाचे मोठे गठ्ठे, म्हणजे मॉड्यूल, सोडवून देणारा) असेल तर प्लास्टिकवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा. गोल मॉड्यूलचं रॅप (वरचं प्लास्टिकचं वेष्टण) कापल्यावर पूर्ण निघालं ना, तुकडा तर राहिला नाही ना, हे बघितल्याशिवाय मॉड्यूल काट्यांच्या सिलिंडरकडे सोडायचंच नाही. एकदा ते फाटून रुईत मिसळलं की थेट सूतगिरणीपर्यंत जातं, मग वेचून काढणं जवळपास अशक्य.

चोक काढताना नुसता स्टॉप दाबून हात घालू नका, हे मी कळकळीने सांगतोय. मेन स्विच बंद, त्याला कुलूप, किल्ली जो हात घालणार त्याच्याच खिशात, आणि बीटर पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, कारण स्विच बंद केल्यावरही तो बराच वेळ फिरत असतो.