टॅटूची शैली निवडताना दहा वर्षांपुढचं बघा

स्टुडिओतून बाहेर पडताना काढलेला टॅटूचा फोटो शैली निवडायला उपयोगाचा नाही. त्या वेळी त्वचेच्या अगदी वरच्या थरातही शाई भरलेली असते आणि भोवतालची कातडी सुजून लाल झालेली असते. त्यामुळे काळा आहे त्याहून काळा दिसतो आणि पांढरा लखलखतो. दोन-तीन आठवड्यांत तो वरचा थर गळतो, त्यातली शाईही जाते. पुढे आयुष्यभर दिसते ती खालच्या थरात, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल बसलेली शाई. निवड करायची ती हिच्या भरवशावर.

खालच्या थरातली शाईही जागच्या जागी स्वस्थ बसत नाही. शरीराला ती परकीच वाटते. भक्षक पेशी तिचे कण गिळून बसतात. त्या पेशी मेल्या की कण मोकळे होतात आणि नव्या पेशी ते पुन्हा गिळतात. या उलाढालीत कण थोडेथोडे सरकतात आणि बारीक कण लसिका नावाच्या शरीरातल्या पातळ द्रवाबरोबर वाहून जातात. म्हणून रेघ रुंदावते, तिची कड मऊ होते आणि एकूण गडदपणा उतरतो. उन्हातले अतिनील किरण रंगांचे रेणू तोडतात, त्यात रंगीत शाई काळ्यापेक्षा लवकर हार मानते. शिवाय सावळ्या आणि गव्हाळ त्वचेला रंग देणारं मेलॅनिन हे द्रव्य शाईच्याही वर असलेल्या थरात असतं. म्हणजे प्रत्येक रंग आपण तपकिरी पडद्याआडून पाहतो. पिवळा, फिकट गुलाबी, आकाशी आणि पांढरा हे त्या पडद्याआड सगळ्यात आधी हरवतात.

याचा उत्तम पुरावा गावोगावच्या आज्यांच्या हातावर आहे. काजळीने केलेलं गोंदण आज हिरवट-निळं दिसतं, कारण खोलवरचा काळा रंग त्वचेतून निळसर भासतो. पण कपाळावरचा ठिपका किंवा हातावरची तुळस पन्नास वर्षांनीही ओळखू येते. रेघा जाड आहेत, ठिपके सुटे आहेत आणि मधे कोरी कातडी भरपूर सोडलेली आहे. कोणतीही आधुनिक शैली तपासताना हेच पाहायचं: मधली मोकळी जागा किती आहे?

कागदावरची चाचणी

डिझाइन अंगावर जेवढं यायचं आहे तेवढ्याच मापात छापून घ्या. अनुभवाचा एक ढोबळ हिशोब असा की दहा-पंधरा वर्षांत रेघ जवळपास दुप्पट रुंद होते असं धरून चालावं. म्हणून छापलेली रेघ अर्ध्या मिलिमीटरची असेल, तर ती एक मिलिमीटरच्या मार्करने गिरवा. गिरवल्यावर जिथे पोकळी बुजते, दोन रेघा चिकटतात किंवा डोळ्याच्या जागी नुसता डाग उरतो, तिथे अंगावरही तेच होणार आहे. मग डिझाइन मोठं करा किंवा त्यातला तपशील काढा. रेघ बारीक करून प्रश्न सुटत नाही.

रंगीत डिझाइन असेल तर त्यावर बदामी किंवा चहाच्या रंगाचा जिलेटिन पेपर धरा. जे रंग त्याखाली एकमेकांत मिसळले, ते त्वचेखालीही मिसळतील. शेवटी कागद भिंतीला लावून दोन मीटरवरून बघा. तिथून विषय कळला पाहिजे.

बरेच स्टुडिओ चौरस इंचावर पैसे घेतात, त्यामुळे पैसे वाचवायला लोक आहे तेच डिझाइन आखडून घेतात. टॅटू लवकर बिघडण्यामागे हे फार मोठं कारण आहे. बजेट कमी असेल तर तपशील कमी करा, माप नाही.

देवनागरी अक्षरं

महाराष्ट्रात नावं, श्लोक आणि राजमुद्रा यांचे टॅटू फार होतात, पण इंटरनेटवरचे अक्षरांच्या मापाचे सल्ले रोमन लिपीसाठी असतात. ते इथे चालत नाहीत. देवनागरीत शिरोरेषा आहे, वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार आहेत, खाली उकार आहेत. अनुस्वाराचा ठिपका शिरोरेषेला चिकटला की तो वाचला जात नाही. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक वरच्या एवढ्याशा फटीवर किंवा गाठीवर उभा आहे, ती बुजली की अक्षरच बदलतं.

साध्या अक्षराची उंची शिरोरेषेपासून पायापर्यंत किमान १० मिलिमीटर ठेवा. ‘ष्ट्र’, ‘द्ध’, ‘क्ष’, ‘स्यै’ अशी जोडाक्षरं असतील तर १३ ते १५. अक्षराच्या पोटातली पोकळी आणि अनुस्वार ते शिरोरेषा हे अंतर दोन मिलिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका. रेघेसाठी पाच किंवा सात सुयांचा गोल जुडगा मागा. एका सुईने कोरलेलं नाव पहिल्या दिवशी नाजूक दिसतं, पण त्यात जरा खोल-उथळ झालं की काही ठिकाणी ते तुटतं आणि काही ठिकाणी पसरतं.

राजमुद्रेचंच उदाहरण घेऊ. ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’पासून ‘राजते’पर्यंत अनुष्टुभाची ३२ अक्षरं आहेत, त्यात ‘च्चं’, ‘र्धि’, ‘ष्णु’, ‘र्वि’, ‘स्यै’ अशी गच्च जोडाक्षरं आहेत. सहा ओळी धरल्या आणि मात्रा-उकारांसह प्रत्येक ओळीला १८ मिलिमीटर दिले, तर मजकुरालाच अकरा सेंटीमीटर लागतात. अष्टकोनी चौकट धरून उंची तेरा आणि रुंदी नऊ सेंटीमीटरच्या आसपास जाते. एवढी सपाट जागा दंडाच्या बाहेरच्या बाजूला, पाठीवर किंवा पोटरीवर मिळते. मनगटावरच्या चार सेंटीमीटरमध्ये पूर्ण राजमुद्रा कोरली तर काही वर्षांत तिची काळी टिकली होते, आणि या मजकुराचं असं होऊ नये. जागा लहानच असेल तर चौकटीत फक्त ‘मुद्रा भद्राय राजते’ घ्या. सात सेंटीमीटरमध्ये ते स्वच्छ बसतं.

शुद्धलेखन तपासण्याची वेळ एकच: स्टेन्सिल, म्हणजे गिरवायचा कच्चा आराखडा, अंगावर उमटल्यानंतर आणि सुई लागण्याआधी. काही डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी तुटते. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते, रफार चुकीच्या अक्षरावर बसतो, जोडाक्षराऐवजी पाय मोडलेलं अक्षर येतं. आरशात उलटं दिसतं, म्हणून सोबत आलेल्या माणसाकडून अक्षर-अक्षर वाचून घ्या. मोडीत करायचं असेल तर मोडी वाचता येणाऱ्या माणसाने पाहिल्याशिवाय सुई लावू देऊ नका. नुसता फॉन्ट बदलून मोडी होत नाही.

शैली: कोणती कशी उतरते

सगळ्यात टिकाऊ म्हणजे भरीव काळं काम: ब्लॅकवर्क, ट्रायबल, जाड भौमितिक पट्टे. सावळ्या त्वचेवर ते सुरेख दिसतं. भरीव भाग एका बैठकीत एकसारखा भरत नाही, दुसरी बैठक आधीच धरून चाला. घाईने एकाच जागी पुन्हापुन्हा सुई फिरवली तर कातडी फाटते आणि वण उठतो.

त्याच्या जोडीला अमेरिकन ओल्ड स्कूल. होनोलुलूत खलाशांचे टॅटू करणाऱ्या सेलर जेरी उर्फ नॉर्मन कॉलिन्सच्या (१९११–१९७३) नावाशी जोडलेली ही शैली जाड काळी रेघ, भरपूर काळी छाया आणि मोजके रंग यांवर चालते. रंग फिके पडले तरी काळा सांगाडा चित्र सांभाळतो. जपानी पद्धतीचं मोठं काम याच कारणाने टिकतं, मात्र त्याला अर्धा हात किंवा पाठ द्यावी लागते.

डॉटवर्क आणि मंडल आपल्या त्वचेला साजतात, फक्त ठिपके मोकळे हवेत. मिलिमीटरभर अंतराने टोचलेले ठिपके काही वर्षांत सलग करडे होतात. मंडल कोपर, गुडघा अशा वळणाऱ्या जागी घेतलं तर हात हलला की वर्तुळ वाकडं दिसतं.

रिअलिझममध्ये, म्हणजे आई-बाबांचा चेहरा, महाराजांची छबी, विठ्ठल, चूक झाली की ती सगळ्यात जास्त खुपते. इथे बाह्यरेषा नसते, करड्या छटांवर सगळं उभं असतं, आणि सावळ्या त्वचेत सगळ्यात फिकट एक-दोन छटा उरतच नाहीत. म्हणून चित्राचा साधारण एक तृतीयांश भाग खरा गडद काळा, एक तृतीयांश मधल्या छटा आणि उरलेली कोरी कातडी, अशी वाटणी मागा. उजेड दाखवण्याचं काम त्या कोऱ्या कातडीकडून करून घ्यायचं, पांढऱ्या शाईकडून नाही. पांढरी वर्षा-दोन वर्षांत पिवळट होते किंवा दिसेनाशी होते. एकट्या चेहऱ्याला हनुवटीपासून कपाळापर्यंत दहा-बारा सेंटीमीटर द्या. मूळ फोटो एका बाजूने उजेड पडलेला निवडा. फ्लॅशने सपाट झालेल्या पासपोर्ट फोटोतून चांगला टॅटू होत नाही.

फाइन लाइन, म्हणजे अगदी बारीक रेघांचा टॅटू, करायचाच असेल तर साधं चित्र, एकमेकांपासून दूर रेघा आणि दर काही वर्षांनी टच-अपची, म्हणजे फिक्या जागा पुन्हा भरून घेण्याची, तयारी हवी. वॉटरकलरमध्ये, म्हणजे जलरंगासारख्या पसरट रंगांच्या शैलीत, खाली काळा सांगाडा नसेल तर सावळ्या त्वचेवर शेवटी जुन्या जखमेसारखा डाग उरतो. आम्ही तो सुचवत नाही.

अंगावरची जागा

दंडाची बाहेरची बाजू, पोटरी, पाठीचा वरचा भाग आणि हाताची आतली बाजू इथे शाई चांगली बसते. बोटं, तळहाताची कड, तळपाय इथली कातडी सतत घासते आणि भराभर बदलते, वर्षभरात तुकडे पडतात. फासळ्या, कोपराची आतली घडी, घोटा इथे कातडी पातळ असल्याने सुई चटकन चरबीपर्यंत जाते आणि रेघेभोवती निळसर धुरकट छाया पसरते. ती पुसता येत नाही. मनगटाच्या घडीपासून दोन बोटं अंतर ठेवा.

लस, मुरूम किंवा कापलेल्या जागी पूर्वी कधी फुगीर वण उठला असेल, तर छाती आणि खांदा टाळा आणि आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. लाल शाईची अ‍ॅलर्जी बाकी रंगांपेक्षा जास्त आढळते, म्हणून मोठा लाल भाग घेण्याआधी त्याच शाईचा एक ठिपका टोचून काही आठवडे थांबा. ही प्रतिक्रिया कधी महिन्यांनीही येते, तेव्हा चाचणी म्हणजे पूर्ण हमी नव्हे.

सैन्यात जायचं असेल तर जागा आधी ठरवा. लष्कराच्या भरतीत कायमचा टॅटू कोपराच्या आतून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूलाच चालतो, आदिवासी उमेदवारांना परंपरेनुसार सवलत असते. दंडावरच्या राजमुद्रेमुळे मुलं वैद्यकीय चाचणीतून परत आली तर फार वाईट वाटतं. चालू जाहिरातीतला नियम वाचूनच जा.

कलाकाराला काय विचाराल

निवडलेल्या शैलीतले, तुमच्यासारख्याच त्वचेवरचे, भरून आलेले फोटो मागा, शक्यतो दोन वर्षांहून जुने. फक्त ताजे फोटो असतील तर दुसरा स्टुडिओ बघा. सुईचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे, शाई छोट्या टोपणात नव्याने ओतली पाहिजे आणि उरलेली फेकली पाहिजे. जत्रेत बॅटरीच्या मशिनने एकाच सुईने रांगेने गोंदतात तिथे बसू नका. कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही अशाच सुईतून पसरू शकतात.

वेळ आणि निगा

वरची जखम भरायला दोन ते चार आठवडे लागतात. या काळात पोहणं, नदीतलं स्नान, थेट ऊन बंद. विसर्जनाच्या तोंडावर टॅटू काढू नका: गुलाल, घाम आणि ढोलाचा पट्टा तिन्ही ताज्या जखमेला वाईट. लग्न ठरलं असेल तर हळदीच्या किमान महिनाभर आधी उरका. सौम्य साबणाने दिवसातून दोनदा धुवा, टिपून कोरडं करा, मलम अगदी पातळ लावा. जाड थराखाली खपली ओली राहते आणि शाई घेऊन निघते. खपली नखाने काढलीत तर तिथे पांढरी चीर राहील.

भरून आल्यावर एसपीएफ ३० किंवा त्यावरचं सनस्क्रीन रोज लावा. दुचाकीवर असाल तर पूर्ण बाह्या घाला, हाताच्या बाहेरच्या बाजूचे टॅटू त्याशिवाय लवकर उतरतात. टच-अप सहा आठवड्यांच्या आत करू नका, कारण तोवर कोणता भाग खरंच रिकामा राहिला हे कळत नाही.

जुना टॅटू झाकायचा असेल तर नवा दोन-तीनपट मोठा आणि जास्त गडद लागतो, कारण शाईवर फिकट शाई दिसत नाही. जुना खूप काळा असेल तर आधी लेझरच्या दोन-तीन बैठकी घेऊन तो फिका करा, मगच वर नवं काम घ्या. सावळ्या त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचं लेझर वापरतात का, हे त्वचारोगतज्ज्ञांना विचारा. आणि टॅटूत पांढरी शाई असेल तर ते आधी सांगा, लेझरने ती कधीकधी काळी पडते.