भाताच्या तरव्यात (लावणीच्या रोपांत) दाणेदार कीटकनाशक टाकायच्या आधी पाण्यात वाकून बघा

मृग लागला, पाऊस धरलाय, आणि दुकानातून दाणेदार औषधाच्या पिशव्या घरोघरी यायला लागल्यात. म्हणून हे घाईत लिहितोय. येत्या पंधरा-वीस दिवसांत एकच गोष्ट सांभाळा, कुणग्यात (भाताच्या खाचरात) बेडकांची अंडी किंवा पिल्लं आहेत का ते बघितल्याशिवाय पाण्यात विष टाकू नका.

पहिल्या मोठ्या पावसात बैलबेडूक बाहेर पडतात, नर पिवळेधमक होतात, रात्रभर ओरडतात आणि साचलेल्या उथळ पाण्यात अंडी घालतात. दोनेक दिवसांत पिल्लं बाहेर येतात, पण त्यांना पाय फुटून मेरेवर (बांधावर) चढायला महिना-दीड महिना लागतो, आणि नेमक्या त्याच महिन्यात आपण तरव्यात आणि लावणीनंतर दाणेदार फेकतो. बेडकाची कातडी पाणी शोषते, त्यामुळे पाण्यातलं विष थेट त्याच्या अंगात जातं. आमच्या वाडीखालच्या मळ्यात मी हे डोळ्यांनी बघितलंय, संध्याकाळी दाणेदार पडलं आणि सकाळी कोपऱ्यात पिल्लांचा पांढरा थर तरंगत होता. त्याच वर्षी भात पिकून पिवळं पडायला लागल्यावर लष्करी अळी आली, रात्रीत लोंब्या कुरतडून खाली सडा पाडला, कापायला नुसता पेंढाच उरला. सगळं बेडूक गेल्यामुळेच झालं असं छातीठोक सांगत नाही, पण वरच्या अंगाच्या ज्या कुणग्यांत औषध पडलं नव्हतं आणि रात्री बेडूक ओरडत होते तिथे नुकसान बरंच कमी होतं. ही अळी दिवसा चुडाच्या (एका जागी लावलेल्या रोपांच्या झुबक्याच्या) बुडात लपते आणि रात्री वर चढते, बेडूकही रात्रीच फिरतो, म्हणून तर लष्करी अळीसाठी शेतात बेडूक राखा असं कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यातही येतं. दुकानदार मात्र हे सांगणार नाही, तो एकरी किती पिशव्या लागतील तेवढंच सांगतो.

आणि कुठे जुना साठा म्हणून फोरेट किंवा डायक्लोरव्हॉस ही कीटकनाशकं देत असतील तर घेऊच नका, दोन्ही 31 डिसेंबर 2020 पासून बंद आहेत.

बघायचं कसं? सकाळी ऊन पडल्यावर कुणग्याच्या उथळ कोपऱ्यात वाका. काळी वळवळणारी पिल्लं दिसली की औषध लांब ठेवा.

मग किडीचं काय करायचं, तर खोडकिड्यासाठी लावणीच्या वेळी तरव्याचे शेंडे खुडा, अंड्यांचे पुंजके शेंड्यांवरच असतात, खुडलेले शेंडे जाळून टाका, खर्च शून्य. पाच टक्के पोंगे (मधले कोंब) मेलेले दिसले किंवा चौरस मीटरला एक पुंजका मिळाला तरच फवारणीचा विचार करा, आधी नाही. सुरळीतली अळी (पानाची सुरळी करून आत राहणारी) आली तर पिकावरून दोरी ओढून सुरळ्या पाण्यात पाडा आणि पाणी सोडून द्या, फक्त एका कोपऱ्यात हातभर खोल खड्डा पाण्यासकट राहू द्या म्हणजे पिल्लं तिथे तगतील. खेकड्यांनी मेर पोखरली म्हणून बिळात औषध ओतणारे खूप आहेत, ते सगळं वाहत कुणग्यात येतं. त्यापेक्षा एक किलो शिजवलेल्या भातात 75 टक्के ॲसिफेट पावडर 75 ग्रॅम मिसळून साधारण 100 गोळ्या करा (हातमोजे घालून), एका बिळात एकच गोळी आत सरकवा आणि बीळ चिखलाने बुजवा.

लावणीची बाकी कामं नेहमीचीच:
- तरवा 21 ते 25 दिवसांचा
- चुडात 2-3 रोपं, अंतर 20 बाय 15 सेंमी
- खत हेक्टरी नत्र, स्फुरद, पालाश 100:50:50 किलो, नत्र तीन हप्त्यांत 40, 40, 20 टक्के
- रोप धरेपर्यंत पाणी 2-3 सेंमी, मग 5 सेंमी

चिखलणीला पॉवर टिलर कडेने गोल फिरवत आत नेला की बेडूक मधे कोंडतात आणि पात्यात सापडतात. मी मधून सुरू करून बाहेर येतो, ते उड्या मारत मेरेवर निघून जातात. हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, करून बघा.

रात्री बॅटऱ्या घेऊन बेडूक पकडायला जाणाऱ्या पोरांना घरातल्या मोठ्यांनी थांबवा. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, पायांची निर्यातसुद्धा 1987 मध्ये बंद झाली, तरी पहिल्या पावसात पोती भरून नेतात. पकडलेल्यांत अंड्यांवर आलेल्या माद्याही असतात, म्हणजे पुढच्या वर्षीचेही गेले.

विहिरीच्या कठड्याला किंवा टाकीला पांढरा फेस चिकटलेला दिसला तर खरवडू नका, झाडावरच्या बेडकाची अंडी असतात त्यात. बागेत शेणखत उपसताना गांडुळासारखं पण जाड, चकचकीत जनावर निघालं तर सापाचं पिल्लू म्हणून ठेचू नका, ते देवगांडूळ, बेडकाच्याच गोतातलं, विषारी नाही, परत मातीत सोडा. आणि प्लास्टिक घातलेलं शेततळं असेल तर आजच काठावरून पाण्यापर्यंत दोन-तीन गोणपाटं सोडून बांधा, गुळगुळीत प्लास्टिकवर बेडकाला चढता येत नाही, पोहून पोहून मरतात.